दर आठ वर्षांनी एक अख्खं शहर

२६ एप्रिल १९९३. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं विमान धावपट्टी संपता संपता जेमतेम वर उचललं गेलं. पलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचं चाक ट्रकला धडकलं, पुढे विमान विजेच्या उच्चदाबाच्या तारांवर गेलं आणि कोसळलं. आत ११८ माणसं होती. ५५ गेली, ६३ वाचली. शहरातल्या जुन्या माणसांना तो दिवस अजून आठवतो.

चौकशी झाली आणि तिच्या निष्कर्षात दोन कारणं आली. पहिलं वैमानिकांची चूक : विमान वर उचलायला उशीर झाला आणि पद्धतही चुकली. दुसरं असं की, उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखून धरण्याची जबाबदारी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाची होती आणि ती पाळली गेली नव्हती. चालवणाऱ्याची चूक सापडली तरी चौकशी तिथे थांबली नाही. रस्त्यापर्यंत गेली, रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेपर्यंत गेली. हे मी मुद्दाम सुरुवातीला लिहितो आहे, कारण पुढचे सगळे आकडे वाचताना ही चौकशी मनात असायला हवी.

२०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. दिवसाला ४६१, तासाला १९. १९९३ च्या त्या विमानात जेवढी माणसं गेली, तेवढी आपले रस्ते आज तीन तासांच्या आत घेतात. तीन तासांनी पुन्हा तेवढीच. रात्रभर तेच, सुट्टीच्या दिवशी तेच, दिवाळीतही तेच.

वर्षांची बेरीज करत गेलं की आकडा डोक्यात मावेनासा होतो. २०१५ ते २०२२ या आठ वर्षांत देशात रस्त्यांवर गेलेल्यांची सरकारी संख्या बारा लाखांच्या वर जाते. यात कोविडच्या टाळेबंदीचं वर्षही आलं. २०११ च्या जनगणनेत आपल्या औरंगाबाद शहराची लोकसंख्या होती ११,७५,११६. गुलमंडी, शहागंज, उस्मानपुरा, सिडको, हडको, मुकुंदवाडी, हर्सूल, पडेगाव. प्रत्येक गल्लीतलं प्रत्येक घर, घरातलं तान्हं मूल धरून. एवढं सगळं शहर आठ वर्षांत रिकामं झालं असतं तर जगाने आपल्यावर पुस्तकं लिहिली असती. ते देशभर विखुरलेलं आहे, एका फाट्यावर दोन, एका वळणावर चार, म्हणून ते शहर कुणाला दिसत नाही. पेपरच्या आतल्या पानावर दोन कॉलमांची बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फाट्याचं नाव येतं.

आता थोडं मागे, १९७० सालात जाऊ. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त हलवून टाकणारे दोन आकडे त्या एका वर्षाचे आहेत. त्या वर्षी भारतात रस्त्यांवर सुमारे १४,५०० माणसं गेली. जपानमध्ये गेली १६,७६५.

त्या वर्षी जपान आपल्या पुढे होता, आणि तोही लोकसंख्या आपल्या पाचव्या हिश्शाएवढी असताना. त्यात जपानचे पोलीस मोजतात ते अपघातानंतर २४ तासांच्या आत दगावलेले, म्हणजे खरी संख्या आणखी मोठी. युद्धानंतरच्या भरभराटीत तिथे गाड्या एकदम वाढल्या होत्या. रस्ते अरुंद होते, पादचाऱ्यांना पदपथ नव्हते, सिग्नल अपुरे होते आणि शाळेत जाणारी पोरं ट्रकखाली येत होती. तिथले लोक त्या काळाला ‘वाहतुकीचं युद्ध’ म्हणत. दर लाख लोकसंख्येमागे सोळा मृत्यू, हा आजच्या महाराष्ट्रापेक्षाही वाईट दर झाला.

२०२२ साली जपानमध्ये गेले २,६१०. तीस दिवसांत दगावलेले धरले तरी ३,२०० च्या आसपास. आणि भारतात १,६८,४९१.

दोन रेषा एकाच बिंदूजवळून निघाल्या. एक सहा पटींहून जास्त खाली आली, दुसरी साडेअकरा पट वर गेली. आपली चढण पायरीपायरीने बघता येते : १९८० ला २४,०००, १९९० ला ५४,१००, २००० ला ७८,९११, २०१० ला १,३४,५१३. निष्पक्षपणे हेही सांगायला हवं की १९७० साली देशात नोंदलेली वाहनं चौदा लाख होती आणि २०२० पर्यंत ती बत्तीस कोटींच्या वर गेली. दोनशे पटींहून जास्त वाढ. त्या हिशेबाने दर वाहनामागचे मृत्यू आपल्याकडेही खूप घटले आहेत. पण जपानमध्येही वाहनं या काळात कित्येक पटींनी वाढली, आणि तिथे नुसता दर खाली आला नाही, माणसंच कमी मेली. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला दर वाहनामागचा आकडा सांगून काही उपयोग नसतो.

जपानशी तुलना मला आणखी एका कारणाने महत्त्वाची वाटते. जपानची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या घरात आहे. महाराष्ट्राची २०११ ला सव्वाअकरा कोटी होती, आता तीही जवळपास तिथेच पोचली आहे. क्षेत्रफळ : जपान सुमारे पावणेचार लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्र तीन लाख आठ हजार. म्हणजे माणसांच्या आणि जमिनीच्या मापाने ही दोन घरं शेजारी शेजारी ठेवता येतात. गाड्या जपानमध्ये महाराष्ट्रापेक्षा जास्त आहेत. २०२२ साली तिथे २,६१० आणि महाराष्ट्रात १५,२२४. मोजण्याची पद्धत सारखी केली तरी फरक पावणेपाच पटींचा उरतो. वर्षाला बारा हजार माणसं, जी जपानच्या रस्त्यांवर असती तर संध्याकाळी घरी पोचली असती.

जपानने हे केलं कसं? १९७० सालीच संसदेने वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा केला. पंतप्रधानांपासून गावाच्या कारभाऱ्यांपर्यंत कुणी काय करायचं हे त्यात ठरलं, आणि १९७१ पासून पाच-पाच वर्षांच्या योजना सुरू झाल्या. पदपथ, रेलिंग, पादचारी पूल, सिग्नल, रुग्णवाहिका. १९७९ पर्यंत मृत्यू निम्म्यावर आले : ८,४६६. मग ढिलाई आली म्हणा, गाड्या वाढल्या म्हणा, आकडा पुन्हा चढला आणि १९९२ ला साडेअकरा हजारांपाशी गेला. हा मधला चढ मला महत्त्वाचा वाटतो. एकदा जिंकलेली लढाई तिथेही हातातून सुटू लागली होती. मग पुन्हा कंबर कसली गेली. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे लहान मुलं गेल्याच्या दोन अपघातांनी, १९९९ च्या टोमेई द्रुतगती मार्गावरच्या आणि २००६ च्या फुकुओकातल्या, देश हादरला आणि २००२ नंतर कायदा टप्प्याटप्प्याने कडक झाला. म्हणजे ‘जपानी माणूस मुळातच शिस्तीचा’ हे आपलं नेहमीचं उत्तर इथे टिकत नाही. १९७० चा जपानी माणूसही तोच होता. बदलला तो रस्ता, कायदा आणि कायद्याची अंमलबजावणी.

असंच एक उदाहरण फ्रान्सचं. १९७२ साली तिथे रस्त्यांवर १६,५४५ माणसं गेली. हा आकडा लोकांना समजणार कसा, हा प्रश्न तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीच्या माणसांना पडला. त्यांना दक्षिणेत माझामे नावाचं एक गाव सापडलं. लोकसंख्या १६,६१०. जवळजवळ तेवढीच. मे १९७३ मध्ये एके दिवशी त्या गावातली माणसं, दुकानदार, कामगार, बायाबापड्या, शाळेतली पोरं, रस्त्यावर आली आणि मेल्यासारखी आडवी झाली. काही मिनिटं अख्खं गाव रस्त्यावर पडून होतं आणि कॅमेरे वरून ते टिपत होते. देशाने ते चित्र पाहिलं. त्याच वर्षी जुलैपासून शहराबाहेरच्या रस्त्यांवर पुढच्या सीटला पट्टा सक्तीचा झाला, वेगाच्या मर्यादा आल्या. २०२२ ला फ्रान्समध्ये गेले ३,२६७.

आपल्याकडचं माझामे शोधायला लांब जावं लागत नाही. खुलताबाद. २०११ च्या जनगणनेत खुलताबाद शहराची लोकसंख्या पंधरा-सोळा हजारांच्या दरम्यान होती. महाराष्ट्रात २०२२ ला १५,२२४ गेले आणि पुढच्या वर्षीही आकडा पंधरा हजारांच्या वरच राहिला. म्हणजे दर वर्षी एक खुलताबाद. श्रावणातल्या शनिवारच्या आदल्या रात्री भद्रा मारुतीच्या दर्शनाला आपल्या शहरातून हजारो लोक पायी निघतात. दौलताबादचा घाट चढताना एका बाजूने माणसांची रांग आणि दुसऱ्या बाजूने गाड्यांचे झोत. त्या रस्त्यावर चाललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की झोत डोळ्यांवर आला की पाय आपोआप कडेच्या खडीवर सरकतो. २०२२ ला देशात ३२,८२५ पादचारी गेले. नुसते चालणारे. गाडीत नव्हते, गाडीवर नव्हते.

श्रीमंत देशांत माणसं मरत नाहीत आणि गरीब देशांत मरतात, एवढं सोपं असतं तर फक्त श्रीमंत होण्याची वाट बघितली असती. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगात ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यांवर गेली आणि त्यातली ९२ टक्के कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत, हे खरं आहे. पण अमेरिका बघा. २०२२ ला तिथे ४२,५१४ गेले. लोकसंख्या तेहतीस कोटी. दर लाखामागे जवळजवळ तेरा. भारताचा सरकारी दर बारा. जगातला सर्वांत धनाढ्य देश आणि आपण, या एका रकान्यात शेजारी बसतो. त्यांच्याकडे माणसामागे गाड्या कितीतरी जास्त आणि अंतरंही प्रचंड, हे मान्य. पण जर्मनीतही गाड्या आहेतच. १९७० साली पूर्व आणि पश्चिम जर्मनी मिळून एकवीस हजारांहून जास्त माणसं गेली होती, २०२२ ला २,७८८. पैसा मदत करतो, पण तो कुठे खर्च होतो त्यावर सगळं ठरतं. नेदरलँड्समध्ये १९७१ साली तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, गाड्यांच्या वाटा अडवल्या. सायकलींच्या स्वतंत्र वाटांचं जे जाळं आज आपल्याला तिथल्या फोटोंत दिसतं, त्यामागे त्या आईबापांचाही रेटा आहे.

दर लाखामागे बारा हे ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून त्याचा जन्मभराचा हिशेब मांडून बघितला. वर्षाला लाखात बारा, आयुष्य सत्तर वर्षांचं, तर साधारण एकशे एकोणिसांत एक. पाचशे पान उठणारं लग्न डोळ्यांसमोर आणा. पंगतीत बसलेल्यांपैकी चार जण, कदाचित पाच, आयुष्यात कधीतरी रस्त्यावर जाणार. जपानमध्ये त्याच मंडपात एखादाच. वय बघितलं तर अजून जीव तुटतो. २०२२ ला गेलेल्यांपैकी ६६.५ टक्के १८ ते ४५ या वयातले होते. प्रत्येकाची सरासरी पस्तीस वर्षं बाकी होती असं धरलं, तर एका वर्षात देशाने सुमारे ५९ लाख वर्षं गमावली. तुलनेसाठी एवढंच : अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी कोरायला घेतली त्याला बावीसशे वर्षं झाली.

आपला प्रश्न बऱ्याच श्रीमंत देशांपेक्षा एका बाबतीत खूप वेगळा आहे. तिकडे माणूस मरतो तो बऱ्याचदा गाडीच्या पत्र्याच्या आत. आपल्याकडे २०२२ ला गेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते, त्यात पादचारी मिळवले की जवळपास दोन तृतीयांश होतात. १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे. आपल्या शहराच्या दोन पिढ्यांची घरं दुचाकीवर उभी राहिली आणि दुचाकीवरूनच ती कामाला जातात : वाळूजला, चिकलठाण्याला, शेंद्र्याला, शिफ्ट सुटल्यावर रात्री बारा वाजता परत. त्यांच्याच रस्त्यावर हायवा, कंटेनर आणि उसाच्या ट्रॉल्या. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर मातीने माखलेला. मोटार जास्त आणि दुचाकी कमी अशा देशाचे नियम जसेच्या तसे इथे आणून भागणार नाही हे खरं. पण म्हणून करण्यासारखं काही नाही असंही नाही.

हेल्मेट घ्या. २०२२ ला हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि मागे बसलेले गेले. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो. गुणाकार करा : एकवीस हजार माणसं. एका वर्षात, एका वस्तूने, जी पेट्रोलच्या दोन-तीन टाक्यांच्या पैशांत मिळते. आपल्यासारखाच दुचाक्यांचा देश असलेल्या व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या रस्त्यांवर, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं केलं आणि खरोखर तपासलं. बघता बघता दहांतली नऊ डोकी झाकली गेली. तेही आशियातलेच लोक, तसाच उकाडा, तशीच गर्दी. आपल्याकडे सक्ती जाहीर झाली की पहिला आठवडा चौकाचौकांत कारवाई होते, मग निवेदनं येतात, मग सगळं थंड होतं. मला याचा राग येतो, कारण घाटी रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर, जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून आलेल्या नातेवाइकांच्या घोळक्यात जे कुणी उभे राहिले आहेत त्यांना माहीत आहे की डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : डोक्याला मार आहे का?

पट्ट्याचंही तसंच. ३ जून २०१४ ला मराठवाड्याने गोपीनाथराव मुंडे गमावले. केंद्रात मंत्रिपदाची शपथ घेऊन आठ दिवस झाले होते. दिल्लीत सकाळी विमानतळाकडे निघाले होते, मागच्या सीटवर, पट्टा नव्हता. दुसऱ्या गाडीची धडक बसली. परळीला जी गर्दी लोटली तिचं दुःख खरं होतं. त्या दिवसानंतर मराठवाड्यातल्या प्रत्येक गाडीत मागचा पट्टा लागायला हवा होता. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर, पट्ट्याविना. त्याच वर्षी पट्टा न लावलेले ८,३३१ प्रवासी गेले, चालक वेगळे. मागे बसलेल्याला पट्ट्याची गरज नाही हा समज आपल्या नेत्यांपासून वऱ्हाडाच्या क्रूझरपर्यंत सगळीकडे सारखाच पसरला आहे.

आणि वेग. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो : शेंद्रा, सावंगी, माळीवाडा, हडस पिंपळगाव, जांबरगाव. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. रस्ता उत्तम आहे, मराठवाड्याला तो हवा होताच. कारला मर्यादा ताशी १२० ची. त्या वेगाने गाडी एका सेकंदात तेहतीस मीटर जाते. मोबाइलकडे तीन सेकंद बघितलं की शंभर मीटर डोळे मिटून गेले. ६० च्या जागी १२० झाले की धडकेतली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला आपल्याच वैजापूर तालुक्यात, जांबरगावच्या टोलनाक्याजवळ, सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिकला परतणारा टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळला, १२ जण गेले. तो ट्रक महामार्गावर थांबवल्याच्या आरोपावरून परिवहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. आता हिशेब बघा. टेम्पोत माणसं जास्त होती का, चालकाला झोप लागली होती का, हे विचारायलाच हवं. पण शंभर-सव्वाशेच्या वेगाच्या वाटेवर रात्री ट्रक उभा का राहिला, हा प्रश्न त्याच तोलाचा आहे.

स्वीडनने हा प्रश्न थेट वाहतुकीच्या धोरणात घातला. १९९७ साली तिथल्या संसदेने ठरवलं की रस्त्यावर एकही मृत्यू वा कायमचं अपंगत्व मान्य करायचं नाही. माणूस चुकणारच हे गृहीत धरून रस्ता असा बांधायचा की चुकीची शिक्षा मरण नसावी. समोरासमोर धडका होणाऱ्या रस्त्यांवर मधोमध तारेचा दुभाजक, चौकाच्या जागी गोल वळसा, वस्तीत वेग कमी. त्या वर्षी तिथे ५४१ गेले होते, २०२२ ला २२७. बीड बायपासला सर्व्हिस रोड द्या म्हणून शहरालगतच्या सातारा-देवळाई भागातली माणसं वर्षानुवर्षं मागणी करत होती, तेव्हा ती नेमकी हीच गोष्ट मागत होती. अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी घालून वेळ मारून नेली गेली, आणि दरम्यान घराघरांतली माणसं गेली.

आता या आकड्यांवर विश्वास कितपत ठेवायचा तेही बोलायला हवं, कारण देशांची तुलना इथेच घसरते. २०२१ साली भारताने १,५३,९७२ मृत्यू नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेचा त्याच वर्षाचा अंदाज २ लाख १६ हजारांच्या वर आहे. फरक बासष्ट हजारांचा, म्हणजे २०११ च्या पैठण शहरापेक्षा जास्त. चीनच्या बाबतीत सरकारी आकडा साठ हजारांच्या घरात आणि संघटनेचा अंदाज अडीच लाखांच्या जवळ. पोलिसांच्या कागदावर न आलेली, आठ-दहा दिवसांनी घरी दगावलेली माणसं या फटीत असतात. आपला एक आकडा मात्र या संशयाला बळ देतो : २०२२ ला महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात नोंदले गेले आणि १५,२२४ मृत्यू, म्हणजे शंभर अपघातांत ४६. तामिळनाडूत ६४,१०५ अपघात आणि १७,८८४ मृत्यू, शंभरात २८. आपले अपघात दीडपट जीवघेणे आहेत, किंवा आपल्याकडे माणूस मेल्याशिवाय अपघात कागदावर येत नाही. मला वाटतं, दोन्ही थोडं थोडं खरं आहे.

कागदावर येतो तेव्हा तरी काय येतं? २०२२ च्या मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांचं कारण अतिवेग असं लिहिलेलं आहे. पोलीस ठाण्यात पंचनामा होतो, चालकावर गुन्हा दाखल होतो, प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातं. दुभाजक तिथे कुणी फोडून पंक्चर केला होता, दिवे बंद होते, वळणाची पाटी झाडामागे होती, पुलाच्या कठड्याचं टोक उघडं होतं, हे नोंदवणारा रकाना भरला जात नाही आणि भरला तरी रस्ता सांभाळणाऱ्यापर्यंत पोचत नाही. मंत्रालयाची ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या वाचून मी थांबलो होतो. राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे पाचशे मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर जखमी असलेले पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले. म्हणजे नवव्या माणसाच्या मृत्यूपर्यंत ती जागा यादीत येईलच असं नाही. विमानाच्या बाबतीत अशी अट कुणी घालू धजेल का?

२००३ साली जागतिक बँकेसाठी एलिझाबेथ कॉपिट्स आणि मॉरीन क्रॉपर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अठ्ठ्याऐंशी देशांच्या उत्पन्नाची आणि अपघातांची सांगड घातली. देश श्रीमंत होत जातो तसे मृत्यू आधी चढतात आणि एका टप्प्यानंतर उतरतात, असं त्यांना दिसलं. जुनीच चाल चालू राहिली तर भारतातला दर उतरायला २०४२ उजाडेल, असा त्यांचा हिशेब होता. आजच्या गतीने तोवर आणखी तीस लाखांच्या आसपास माणसं जातील. हा अंदाज आहे, विधिलिखित नाही. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत खुद्द केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी सांगितलं की आंतरराष्ट्रीय परिषदेत अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावंसं वाटतं, आणि मृत्यू निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट राहू द्या, ते वाढलेच. मंत्र्याने असं बोलणं मी प्रामाणिकपणाच समजतो. पण ते ज्या राज्यातून येतात तिथेच याचं उत्तर एका रस्त्यावर मिळालेलं आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, ९४ किलोमीटर. २०१६ साली तिथे १५१ माणसं गेली. राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून प्रत्येक जीवघेण्या अपघाताची जागेवर जाऊन उकल करायला घेतली. उघडे कठडे लोखंडी पट्ट्यांनी झाकले, कडेला उभे राहणारे ट्रक हटवले, पाट्या बदलल्या, रुग्णवाहिकांच्या जागा बदलल्या. काही वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला. तोच घाट, तोच पाऊस, तेच चालक.

हे समृद्धीवर, जालना रस्त्यावर, बीड बायपासवर करायला दिल्लीच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, परिवहन, सार्वजनिक बांधकाम, महापालिका, आरोग्य, सगळे त्या टेबलावर असतात. समितीच्या पुढच्या बैठकीत विषय एवढाच ठेवावा : गेल्या महिन्यात जिल्ह्यातल्या रस्त्यांवर गेलेला प्रत्येक माणूस, तो गेला ती नेमकी जागा, आणि त्या जागी त्यानंतर काय बदललं. उत्तरं वर्तमानपत्रांना द्यावीत, रकाना रिकामा असेल तर रिकामाच.